ड्राफ्टमधला कोणता खेळाडू पुढे टिकेल?

जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात पेरणीची धांदल असते, आणि साधारण त्याच दिवसांत अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट होतो. न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. विदर्भातील शाळा-महाविद्यालये उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला पहिल्या फेरीतली नावे निवांत ऐकता येतात. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तीस संघ, दोन फेऱ्या आणि जवळपास साठ नावे असा हा मामला असतो. आयपीएलच्या लिलावासारखी येथे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नवा खेळाडू निवडतात आणि आपण कोणत्या संघात जायचे हे ठरवण्याचा अधिकार खेळाडूला नसतो. मागच्या हंगामात बाद फेरी न गाठलेल्या चौदा संघांमध्ये वरच्या क्रमांकांसाठी सोडत निघते, आणि २०१९ च्या सोडतीपासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के शक्यता देण्यात आली. म्हणजे सर्वांत गुणी मुलगा कोणत्या संघात जाणार, हे बऱ्याच अंशी सोडतीतल्या चेंडूंवर अवलंबून असते.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांकडे पाहून ती पंचविसाव्या वर्षी कसे खेळतील हे सांगणे, असे या उद्योगाचे स्वरूप आहे. त्यासाठी प्रत्येक संघ पगारी निरीक्षक ठेवतो, आकडेतज्ज्ञ ठेवतो, डॉक्टर ठेवतो, आणि तरीही दर काही वर्षांनी असा निकाल लागतो की सगळ्यांनी तोंडात बोट घालावे. असा निकाल लागला की लोक निरीक्षकांना वेड्यात काढतात. मला ते पटत नाही. निवडीच्या दिवशी खेळाडूबद्दल जे कळू शकते ते फार तर अर्धे असते, उरलेले अर्धे त्याला मिळणारा संघ नंतर घडवतो, आणि आपण मात्र पाच वर्षांनी सगळा निकाल त्या खेळाडूच्या नावावर किंवा निवडणाऱ्याच्या अकलेवर टाकून मोकळे होतो, असे माझे म्हणणे आहे. अर्धे हा आकडा मी मोजून काढलेला नाही, पण तो फार चुकीचा असेल असेही वाटत नाही.

२०१३ चा ड्राफ्ट पाहा. पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडने अँथनी बेनेटला घेतले आणि तो एनबीएत सगळे मिळून १५१ सामने खेळला. पंधराव्या क्रमांकावर मिल्वॉकीने ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून यानिस आंतेतोकुंपोला उचलले. त्याने पुढे २०१९ आणि २०२० असे सलग दोनदा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि २०२१ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिले. सत्ताविसाव्या क्रमांकावरचा रूडी गोबेर चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. आता यानिसला चौदा संघांनी का सोडले, असे विचारणे सोपे आहे. पण त्याच्या पहिल्या हंगामाची सरासरी होती सामन्यामागे ६.८ गुण. त्या हंगामाच्या अखेरीला कोणी हिशेब मांडला असता तर पंधरावा क्रमांक त्याच्यासाठी ठीकच होता, असेच उत्तर आले असते. शिवाय निवडीनंतर त्याची उंचीही वाढली. अठरा वर्षांचा मुलगा अजून दोन इंच वाढेल की नाही हे कोणत्या निरीक्षकाने सांगायचे?

यावरून मी पहिली गोष्ट पाहू लागलो ती म्हणजे वय. २२ वर्षांचा, कॉलेजात चौथ्या वर्षाला असलेला खेळाडू सामन्याला २० गुण काढतो आणि १९ वर्षांचा, पहिल्या वर्षाचा मुलगाही तेवढेच काढतो, तेव्हा ते वीस आणि हे वीस एक नव्हेत. पहिला आपल्यापेक्षा लहान पोरांविरुद्ध खेळतो आहे, दुसरा आपल्यापेक्षा मोठ्यांविरुद्ध. शिवाय विशी-बाविशीपर्यंत खेळाडू झपाट्याने सुधारतो, त्यानंतर वेग मंदावतो. त्यामुळे लहान मुलाच्या पुढे वाढीचा काळ जास्त शिल्लक असतो. हे सांगायला सोपे आहे, पण सामना बघताना डोळ्यांना वय दिसत नाही, दिसतात ते गुण. म्हणून जन्मतारीख वहीत पहिल्या रकान्यात लिहावी असे मी सांगेन. (आमच्या आधीच्या पिढीत अर्ध्या गावाचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे, तेव्हा या रकान्याची खात्री सगळीकडे सारखी नसते, हेही खरेच.)

वयाच्या बाबतीत २०१८ चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. लुका डॉनचिच तेव्हा १९ वर्षांचा होता आणि रियाल माद्रिदकडून खेळत त्याने युरोलीगचे विजेतेपद आणि त्याच स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान, दोन्ही मिळवले होते. युरोलीगमध्ये तिशीतले मुरलेले पुरुष खेळतात. एनबीएखालोखाल जगातली सर्वांत कठीण लीग तीच, आणि तेथे इतक्या लहान वयात हा मान आधी कोणालाही मिळाला नव्हता. तरीही तो तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि निवडणाऱ्या अटलांटाने तो त्याच रात्री डॅलसला देऊन टाकला. आक्षेप काय होता, तर तो वेगवान नाही आणि उडीही बेताची. शरीराकडे पाहणारे डोळे आणि कामगिरीकडे पाहणारे आकडे यांच्यात मतभेद झाला की मी सहसा आकड्यांच्या बाजूने असतो, पण अट एकच: समोरचे प्रतिस्पर्धी तोडीचे असावेत.

आता दुसऱ्या रकान्याविषयी, आणि येथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझ्या विषयाचा येथे थेट उपयोग होतो. कॉलेजमधला नेमबाज एनबीएत लांबून चेंडू टाकू शकेल का, हा प्रत्येक संघाचा प्रश्न असतो. साहजिकच लोक त्याची तीन गुणांच्या फेकींची टक्केवारी पाहतात. परंतु कॉलेजचा हंगाम तीस-पस्तीस सामन्यांचा, त्यात एका खेळाडूचे तीन गुणांचे प्रयत्न साधारण शंभर ते दीडशे. समजा एखाद्याने १२५ प्रयत्नांत ४० टक्के यश मिळवले. या आकड्यातील निव्वळ योगायोगाचा फरक काढायचा तर ०.४ गुणिले ०.६ भागिले १२५ यांचे वर्गमूळ घ्यायचे. ते येते सुमारे ४.४ टक्के. दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट धरले तर त्याचे खरे कौशल्य ३१ ते ४९ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ३१ टक्क्यांचा खेळाडू एनबीएत बाकावर बसतो आणि ४९ टक्क्यांचा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणजे या आकड्याने आपल्याला जवळपास काहीच सांगितले नाही. भरीस भर म्हणजे जिच्या बाहेरून टाकल्यास तीन गुण मिळतात ती रेषाही निराळी: २०१९ पर्यंत पुरुषांच्या कॉलेज खेळात ती ६.३२ मीटरवर होती, एनबीएत समोरून ती ७.२४ मीटरवर आहे.

त्याऐवजी फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारी मोकळी फेक, पाहावा. फळ्यापासून सुमारे ४.६ मीटरवर उभे राहायचे, कोणी अंगावर येत नाही, घाई नाही, अंतर प्रत्येक वेळी तेच. येथे मनगट, कोपर आणि गुडघे यांची मूळ लय उघडी पडते, आणि कॉलेजची फ्री थ्रो टक्केवारी एनबीएतील लांबच्या फेकीचा अंदाज करताना कॉलेजच्या तीन गुणांच्या टक्केवारीइतकीच, पुष्कळदा तिच्याहून अधिक कामाची ठरते, हे आकडे पाहणाऱ्या मंडळींमध्ये आता सर्वमान्य आहे. २०१७ मध्ये फिलाडेल्फियाने बॉस्टनशी अदलाबदल करून पहिला क्रमांक मिळवला आणि मार्केल फुल्ट्झला निवडले. कॉलेजात त्याची तीन गुणांची टक्केवारी ४१ च्या वर होती, फ्री थ्रोची मात्र ६५ च्या खाली. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला घेतले. त्याची तीन गुणांची टक्केवारी ३४, फ्री थ्रोची जवळपास ८५. पुढे टेटम लीगच्या आघाडीच्या खेळाडूंत गेला आणि २०२४ मध्ये बॉस्टनने विजेतेपद मिळवले. फुल्ट्झची फेक मात्र बसली नाही. एवढ्यावरून नियम सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही, कारण फुल्ट्झला खांद्याजवळच्या नसांचा विकार निघाला आणि त्याचा परिणाम फेकीवर झाला. तरीही त्या ६५ टक्क्यांकडे निवडीच्या दिवशी जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही, हे मत मी राखून आहे.

आमच्या महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक ही गोष्ट कोणत्याही आकड्याविना जाणतात. आमच्या पटांगणात सिमेंटचे एक बास्केटबॉलचे मैदान आहे. रिंगला जाळी टिकत नाही आणि रेषा दरवर्षी पांढऱ्या रंगाने पुन्हा मारून घ्याव्या लागतात. तालुका स्पर्धेपूर्वी सर मुलांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतात आणि मुले धापा टाकत असतानाच त्यांना एकेक करून फ्री थ्रोच्या रेषेवर उभे करतात. चेंडू रिंगमध्ये गेला की नाही याच्याकडे ते फारसे पाहत नाहीत. चेंडू सुटल्यावर मनगट खाली झुकलेले राहते की हात अर्ध्यातच मागे येतो, दमल्यावर कोपर बाहेर पडते का, पहिला चेंडू हुकल्यावर पोरगा पाय हलवून जागा बदलतो का, हे ते बघतात. उंच मुलाची निवड आपसूक होते याचा त्यांना मनस्वी राग आहे. एकदा ते म्हणाले, “सर, पोट्टं उंच दिसलं का त्याले रिंगखाली उभं करून टाकतेत. दोन वर्सात बाकीचे पोट्टे त्याच्याएवढे होऊन जातेत, आन् मंग याले ना धड ड्रिबल येत, ना पास.” लवकर वाढलेल्या मुलाचे नुकसान इतक्या नेमकेपणाने कोणी मांडल्याचे मी वाचलेले नाही.

शरीराच्या मोजमापांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ड्राफ्टपूर्वी शिकागोत खेळाडूंची चाचणी होते. अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, जागेवरून उडी, पायांची चपळाई असे सगळे मोजले जाते. या यादीतील हातांच्या लांबीला मी महत्त्व देतो, कारण बचावात हात लांब असणे म्हणजे जवळजवळ उंच असणेच, आणि ती लांबी सरावाने मिळत नाही. ताकदीला मी महत्त्व देत नाही. २००७ मध्ये केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८४ किलोंचे वजन बेंचवर पडून एकदाही उचलता आले नाही, याची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. पहिल्या क्रमांकावर गेलेला ग्रेग ओडन धिप्पाड होता, पण गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्याला एनबीएत १०५ सामनेच खेळता आले. एकोणीस वर्षांच्या पोराचे दंड भरवता येतात. गुडघे बदलता येत नाहीत, आणि त्यांच्याविषयी खरी माहिती फक्त संघाच्या डॉक्टरांकडे असते, तुमच्या-माझ्याकडे नसते.

येथे एक फसवा हिशेब वारंवार पाहायला मिळतो, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. निवडल्या गेलेल्या साठ जणांची मोजमापे आणि त्यांची पुढची कामगिरी समोरासमोर ठेवून काही जण जाहीर करतात की उंचीचा आणि यशाचा संबंध अगदी क्षीण आहे, तेव्हा उंचीला अवास्तव महत्त्व देऊ नये. हिशेब बरोबर असतो, निष्कर्ष चुकीचा असतो. आमच्या तालुक्याच्या संघात बुटकी मुले चेंडू फार सफाईने खेळवतात आणि उंच मुले जरा ओबडधोबड असतात. यावरून उंची वाढली की हात बिघडतो असे कोणी म्हणणार नाही. बुटका आणि हाताने कच्चा असा मुलगा संघात येतच नाही, म्हणून संघाच्या आत पाहणाऱ्याला तो संबंध उलटा दिसतो. २०११ मध्ये सर्वांत शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर निवडला गेलेला आयझेया थॉमस पाच फूट नऊ इंचांचा होता आणि पुढे तो लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल स्टार सामन्यापर्यंत पोहोचला. तो त्या उंचीवर तेथवर आला याचाच अर्थ त्याची बाकीची कला अचाट होती. चाळणीतून आलेल्या धान्यावरून चाळणीच्या भोकांची मापे ठरवता येत नाहीत, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि दुसऱ्या वर्षात विद्यार्थी विसरतात.

आकड्यांत न मावणारी एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे खेळाची समज. निकोला योकिच २०१४ मध्ये एक्केचाळिसाव्या क्रमांकावर डेन्व्हरकडून निवडला गेला आणि त्याचे नाव जाहीर झाले तेव्हा अमेरिकी दूरचित्रवाणीवर खाद्यपदार्थांची जाहिरात चालू होती. तो सर्बियातला, थोडा स्थूल, उडी जवळपास नाहीच. पण त्याचे तेव्हाचे सामने पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते: चेंडू हातात येण्यापूर्वीच तो कोणाकडे द्यायचा हे त्याचे ठरलेले असे. मी सामने पाहताना आता चेंडूकडे पाहतच नाही. ज्याच्याकडे चेंडू नाही त्या खेळाडूची मान किती वेळा वळते, मदतीला धावायचे की नाही हे तो चेंडू सुटल्यावर ठरवतो की सुटण्याआधी, याकडे लक्ष ठेवतो. चेंडू हिसकावण्याचा आकडा या समजेची अप्रत्यक्ष खूण आहे. पायात चपळाई आणि डोक्यात अंदाज या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज तो आकडा वाढत नाही. म्हणूनच गुणांच्या सरासरीपेक्षा तो मला अधिक विश्वासाचा वाटतो.

योकिचची गोष्ट येथे संपत नाही, आणि माझ्या मुद्द्याचा गाभा तिच्या उत्तरार्धात आहे. त्याच रात्री त्याच डेन्व्हर संघाकडे युसुफ नुरकिच हा आणखी एक मधल्या जागेवरचा धिप्पाड खेळाडू आला होता, तो सोळाव्या क्रमांकाचा. योकिच आणखी एक वर्ष युरोपातच खेळला, २०१५ मध्ये डेन्व्हरला आला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये कुठे प्रशिक्षकांनी सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांतली मधली जागा कायमची त्याला दिली. ज्याला पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरायचे होते, त्याला रोज सरावात डोळ्यांसमोर पाहूनही संघाला दीड हंगाम लागला. तोपर्यंत नुरकिच चांगला खेळत राहिला असता किंवा डेन्व्हरचा प्रशिक्षक हट्टी असता तर काय झाले असते, याचा विचार करावा.

वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला उलट अनुभव येतो. पहिल्या फेरीत निवडलेल्याला ठरलेल्या श्रेणीचा करार मिळतो आणि त्यातली पहिली दोन वर्षे हमीची असतात. दुसऱ्या फेरीतल्याला अशी कोणतीही हमी नसते. १९९५ मध्ये बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी दाखवून दिले की, मैदानावरची कामगिरी सारखी धरली तरीही वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंना खेळायला अधिक मिनिटे मिळतात, त्यांना दुसऱ्या संघाकडे पाठवण्याची शक्यता कमी असते आणि त्यांची कारकीर्द लांबते. संघाने मोठी किंमत मोजलेली असते, ती वाया गेली हे मान्य करणे जड जाते. याचा अंदाज वर्तवणाऱ्यावर होणारा परिणाम विचित्र आहे. आपण म्हणतो, पहा, वरच्या क्रमांकाचे खेळाडू जास्त सामने खेळले, म्हणजे निवड बरोबर होती; पण ते जास्त खेळले याचे एक कारण त्यांची निवड वर झाली हेच असते. परीक्षकानेच आधी गुण देऊन ठेवावेत आणि मग निकालावरून स्वतःला शाबासकी द्यावी, असला हा प्रकार आहे.

संघ खेळाडूला किती घडवू शकतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे कवाय लेनर्ड. २०११ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेलेला हा मुलगा त्याच रात्री अदलाबदलीत सॅन अँटोनियोला गेला. कॉलेजच्या दोन्ही वर्षांत त्याची तीन गुणांची टक्केवारी तिसाच्या खाली होती. सॅन अँटोनियोकडे चिप एंगेलंड नावाचे फेक शिकवणारे प्रशिक्षक होते. त्यांनी त्याची चेंडू सोडण्याची पद्धत सुधारली आणि पहिल्याच हंगामात ती टक्केवारी ३७ च्या पुढे गेली. हाच मुलगा दरवर्षी प्रशिक्षक बदलणाऱ्या एखाद्या संघात गेला असता तर तो असाच घडला असता, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? शेंदुरजनाघाटच्या पन्हेरीतून, म्हणजे रोपवाटिकेतून, संत्र्याच्या कलमा नेणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एकाच वाफ्यातल्या, जंभेरीच्या खुंटावर बांधलेल्या, सारख्या जाडीच्या कलमा दोघे जण नेतात. निचऱ्याच्या जमिनीत त्या पाचव्या-सहाव्या वर्षी बहरावर येतात आणि चिबड जमिनीत डिंक्या रोग लागून त्याच कलमा वाळतात. पन्हेरीवाला कलमेची मुळे आणि डोळा दाखवू शकतो, जमीन दाखवू शकत नाही. ड्राफ्टवर लिहिणारे बहुतेक जण पन्हेरीतच उभे राहून पाचव्या वर्षीच्या फळांची संख्या सांगत असतात.

संघाबरोबर काळही बदलतो, आणि त्याचा फटका आपल्या देशातल्या एका मुलाला बसला असे मला वाटते. पंजाबातील बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या खेड्यातील सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर डॅलसकडून निवडला गेला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीतून तो फ्लोरिडाला गेला होता, कॉलेजचे सामने तो खेळलेला नव्हता. डॅलसच्या दुय्यम संघात त्याला थोडी मिनिटे मिळाली, एनबीएच्या हंगामातला एकही सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. ज्या महिन्यात त्याची निवड झाली त्याच महिन्यात गोल्डन स्टेट संघाने लांबून फेकी करत विजेतेपद पटकावले होते. त्या हंगामात एक संघ सामन्याला सरासरी सुमारे २२ वेळा तीन गुणांची फेक करत असे. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३५ वर गेला होता. रिंगखाली उभ्या राहणाऱ्या संथ, उंच माणसाची जागाच खेळातून नाहीशी होत चालली होती. पंधरा वर्षे आधी त्याला कदाचित दोन-तीन हंगाम मिळाले असते. आमच्या क्रीडाशिक्षकांचे उंच पोरांबद्दलचे बोलणे मला सतनामची आठवण झाली की हटकून आठवते, फक्त सतनामच्या बाबतीत त्याच्याएवढे उंच होणारे कोणी नव्हते, खेळच त्याला मागे टाकून पुढे सरकला.

हे सगळे असताना अंदाज करायचा तरी कसा, असे कोणी विचारेल. मी साठ जणांची क्रमवार यादी करत नाही. सातवा आणि अकरावा यांच्यातला फरक सांगण्याइतकी माहिती कोणाकडेच नसते. मी प्रत्येक नावापुढे एक शक्यता लिहितो: हा खेळाडू पाचव्या हंगामात नियमितपणे सुरुवातीच्या पाचांत असेल काय? एखाद्यापुढे ७० टक्के, एखाद्यापुढे २० टक्के. अशा नोंदी एकेकट्या तपासता येत नाहीत, कारण २० टक्क्यांचा खेळाडू यशस्वी झाला म्हणून अंदाज चुकला असे होत नाही. पाचांतला एक तसा निघणारच. पण अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून, ७० टक्के लिहिलेल्यांपैकी खरोखर दहात सात टिकले का, हे पाहता येते. दहापैकी दहा टिकले असतील तर तेही वाईटच, कारण त्याचा अर्थ मी विनाकारण भित्रेपणा केला. शिवाय शेवटी एक रकाना असतो, त्याचे नाव मी ‘अट’ ठेवले आहे. संघ, प्रशिक्षक, त्याच जागेवरचा प्रतिस्पर्धी, यांच्याविषयीचे सगळे त्यात जाते, आणि ते ड्राफ्टच्या रात्रीनंतरच भरता येते.

२०२५ च्या पहिल्या क्रमांकाच्या कूपर फ्लॅगची नोंद या पद्धतीने केली तर पहिले रकाने भराभर भरतात. निवडीच्या रात्री वय साडेअठरा. ड्यूक विद्यापीठात फ्री थ्रो ८४ टक्के, तीन गुणांची टक्केवारी ३८ च्या वर. बचावात नजर सतत फिरती, चेंडू हिसकावणे आणि अडवणे दोन्ही उत्तम. खेळाडूविषयी शंका घ्यायला मला जागा सापडली नाही. अडचण अटीच्या रकान्यात आली. ज्या डॅलसने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत डॉनचिचला लॉस एंजेलिसला देऊन स्वतःच्या चाहत्यांचा रोष ओढवून घेतला होता, त्याच डॅलसला सोडतीत अवघी १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक लागला. संघात उंच माणसांची गर्दी होती आणि चेंडू पुढे आणणारा कायरी आयर्व्हिंग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. क्रीडाशिक्षकांना मी फ्लॅगचे काही सामने मोबाइलवर दाखवले, तेव्हा त्यांनी गुण किंवा टक्केवारी काहीच विचारले नाही. “याच्याकडं बॉल कोन आनून देते?” एवढेच विचारले. आयर्व्हिंग जखमी असल्याचे मी सांगितले. “मंग पहिलं वर्स त्यालेच आनावा लागन वरतं,” ते म्हणाले, “आन् पहिल्या महिन्यात लई बॉल सुटतीन हातातून. तवा लोकायनं बोंबलू नये.” मी ते त्यांच्याच शब्दांत अटीच्या रकान्यात लिहून घेतले, आणि शक्यतेचा आकडा होता तसाच ठेवला.